वसईचा हरित पट्टा : गाव राखायचे म्हणजे काय राखायचे?

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील गावांत ‘गाव वाचवा’ हे शब्द गेली पस्तीस-चाळीस वर्षे ऐकू येत आहेत. ह्या काळात सभा झाल्या, मोर्चे निघाले, निवेदने गेली, न्यायालयांत अर्ज झाले. एक संपूर्ण पिढी हे शब्द ऐकत मोठी झाली आणि तिच्यापैकी अनेकांना ते आता जुने व काहीसे कंटाळवाणे वाटू लागले आहेत. ‘हे लोक विकासाला विरोध करतात’ एवढाच अर्थ त्यांच्यापर्यंत पोहोचला. म्हणून ह्या लेखात आम्ही घोषणा बाजूला ठेवून तीन गोष्टी समजावून घेऊ इच्छितो : आपल्या गावात राखण्यासारखे नेमके काय आहे, ते हातचे कसे जाते, आणि ते राखण्यासाठी साध्या ग्रामस्थाच्या हाती कायद्याने काय दिले आहे.

विकास नको, असे म्हणणारा माणूस आम्हांला आजवर भेटलेला नाही. रुग्णालय सर्वांनाच हवे आहे, चांगला रस्ता हवा आहे, सांडपाण्याची व्यवस्था तर कधीची हवी आहे. प्रश्न असतो तो ह्या मातीला, ह्या पाण्याला न पेलणाऱ्या बांधकामाचा.

गोड्या पाण्याची पातळ गादी

दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर, अशा चौकटीत आपली भूमी बसली आहे. तिन्ही बाजूंनी खारे पाणी असूनही गास, भुईगाव, निर्मळ, वाघोली, नंदाखाल, आगाशी अशा गावांत केळी झाली, पानवेल झाली, मोगरा-चाफा झाला, मुंबईच्या बाजारात आपल्या भाजीला नाव मिळाले. हे कशामुळे? पावसाचे पाणी किनाऱ्यालगतच्या सच्छिद्र जमिनीत मुरते आणि हलके असल्यामुळे खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. आपल्या विहिरी ह्या तरंगत्या गोड्या पाण्यावर जगतात.

ह्या व्यवस्थेचा एक नियम शास्त्रज्ञांनी सांगितला आहे. समुद्रसपाटीच्या वर जर एक फूट गोडे पाणी असेल, तर त्याच्या भाराने खाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत खारे पाणी दाबून धरले जाते. हे आदर्श स्थितीतील गणित आहे, प्रत्येक वाडीत ते तंतोतंत लागू होईल असे नाही. तथापि त्याचा उलटा अर्थ प्रत्येक वाडीवाल्याने ध्यानात ठेवावा असा आहे. वरची पातळी एक फुटाने उतरली की खालचे खारे पाणी अनेक पटींनी वर चढते. म्हणूनच एखाद्या गावात बोअरवेलची संख्या वाढली, टँकर भरू लागले, की पाणी संपण्याआधीच मचूळ होते. आणि एकदा मचूळ झालेली विहीर एका पावसाळ्यात सुधारत नाही.

ही पातळी टिकवून धरण्याचे काम आपल्या पूर्वजांनी बावखलांवर सोपविले होते. शहरातून नव्याने राहावयास आलेल्यांना बावखल म्हणजे डासांचे डबके वाटते. वास्तविक हा खोदलेला जलाशय आहे. पावसाळ्यात तो आजूबाजूचे पाणी पोटात घेतो, पुढे अनेक महिने ते जमिनीत मुरवत राहतो, आणि एके काळी त्यावरील रहाटाने वाडीला पाणीही देत असे. साधा हिशेब करून पाहावा. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर एका गुंठ्यावर केवळ आभाळातून दोन लाख लिटर पाणी पडते. दहा गुंठ्यांच्या बावखलावर वीस लाख लिटर, आणि आजूबाजूच्या वाड्यांतून वाहून येणारे पाणी वेगळेच. असे बावखल मातीच्या डंपरांनी भरून टाकले तर ते पाणी नाहीसे होत नाही. ते शेजाऱ्याच्या अंगणात जाते, रस्त्यावर जाते, आणि उरलेले त्याच दिवशी समुद्राला मिळते. पावसाळ्यात पूर आणि मे महिन्यात मचूळ विहीर ह्या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे.

जुलै २०१८ मध्ये हे सर्व तालुक्याने अनुभवले. नालासोपाऱ्यात रेल्वेमार्ग पाण्याखाली गेला, वसई-विरारचा वीजपुरवठा बंद पडला, मिठागरांतील कुटुंबे पाण्याने वेढली गेली. त्यानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई ह्या संस्थांच्या तज्ज्ञांकडे कारणांचा अभ्यास सोपविला. पाणी साठवून ठेवणारे धारण तलाव असावेत, अशी सूचना त्या अभ्यासातून पुढे आली. धारण तलाव म्हणजे काय, हे बावखल असलेल्या गावाला निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. जे होते ते भरले, आणि आता तेच सार्वजनिक पैशाने खोदावयाचे, असा हा व्यवहार आहे.

नकाशावरचा रंग

१९९० साली शासनाने वसई-विरार परिसराचे नियोजन सिडकोकडे सोपविले. हरित पट्ट्यातील विस्तीर्ण जमीन बांधकामाला खुली होण्याची चिन्हे त्याआधीच दिसू लागली होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘हरित वसई संरक्षण समिती’ उभी राहिली ती ह्या पार्श्वभूमीवर. ‘सुवार्ता’ मासिकाचे तेव्हाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी तिचे नेतृत्व केले. पुढे २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले आणि जुलै २०२४ मध्ये ते निवर्तले. विहिरींचे पाणी टँकरने उपसून नेण्याविरुद्ध आणि हरित पट्टा उघडण्याविरुद्ध समितीने आवाज उठविला. ख्रिस्ती व हिंदू, वाडवळ, सामवेदी, कोळी, आगरी असे सर्व समाज त्यात एकत्र आले. एखाद्या धर्मगुरूने सार्वजनिक प्रश्नात उतरावे की नाही, ह्यावर तेव्हा आपल्याच घराघरांत वाद झाले, हेही नमूद केले पाहिजे.

सिडकोने केलेला विकास आराखडा २००७ साली मंजूर झाला. पुढे जुलै २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर ह्या चार नगरपरिषदा व भोवतालची अनेक गावे मिळून महापालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत ह्या महापालिकेची लोकसंख्या बारा लाखांवर भरली.

विकास आराखडा म्हणजे काय, हे अनेकांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते ते बहुधा जमीन विकत घेणाऱ्यांच्या बाजूचे असतात. आराखडा हा मुळात एक रंगीत नकाशा व त्याबरोबरची नियमावली असते. प्रत्येक सर्व्हे नंबर कोणत्या तरी पट्ट्यात पडतो : रहिवासी, वाणिज्य, औद्योगिक, हरित वा शेती. काही जमिनींवर शाळा, उद्यान, रुग्णालय, रस्ता अशी आरक्षणे टाकलेली असतात. आरक्षणाकडे दुर्लक्ष केल्यावर काय होते, ते नालासोपारा पूर्व येथे दिसले. सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमी ह्यांसाठी राखलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, हजारो माणसे तिथे घरे घेऊन राहू लागली, आणि न्यायालयाच्या आदेशाने २०२५ च्या आरंभी त्या सर्व पाडल्या गेल्या. बांधणारे निसटले, राहणारे रस्त्यावर आले. ज्या गावाला सांडपाणी प्रकल्प मिळावयाचा होता त्याला तोही मिळाला नाही.

पट्ट्याबरोबरच चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे ज्याला सर्वजण एफएसआय म्हणतात, तो ठरतो. दहा गुंठे जमीन, म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर. निर्देशांक ०.३३ असेल तर त्यावर सर्व मजले मिळून सुमारे ३३४ चौरस मीटर बांधता येते : वाडीतील एक प्रशस्त घर, फार तर भावाभावांची दोन. निर्देशांक १ झाला की तेच १,०१२ चौरस मीटर होते आणि वाडीच्या जागी चौदा-पंधरा सदनिकांची इमारत शक्य होते. नकाशावर फक्त एक आकडा बदललेला असतो. पण पंधरा कुटुंबांचे पाणी त्याच विहिरीतून येणार आणि पंधरा कुटुंबांचे सांडपाणी त्याच मातीत जाणार.

म्हणून सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाच्या २०१६ ते २०३६ ह्या काळासाठीच्या प्रादेशिक योजनेचे प्रारूप प्रसिद्ध झाले, तेव्हा वसईच्या हरित पट्ट्यात खळबळ उडाली. प्रारूप मराठीतून मिळावे, ही साधी मागणीसुद्धा तेव्हा लावून धरावी लागली. गावोगावी सभा झाल्या, चर्चच्या सभागृहांत आणि देवळांच्या ओट्यांवर नकाशे पसरले गेले, आणि वसईतून हजारो हरकती दाखल झाल्या. ती योजना २०२१ साली मंजूर झाली. त्या हरकतींचे खरे मोल आमच्या मते वेगळेच आहे. आपली वाडी नकाशावर कुठे आहे आणि तिचा रंग कोणता, हे हजारो कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा बोट ठेवून पाहिले.

तीस दिवस

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो, मग विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो, मग प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. प्रारूप प्रसिद्ध झाल्यापासून हरकती व सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. त्यानंतर नियोजन समिती सुनावणी घेते, बदल सुचविते, आणि शेवटी राज्य शासन मंजुरी देते. ह्या साखळीत सामान्य माणसाला प्रत्यक्ष बोलण्याची संधी त्या तीस दिवसांत व त्यापुढील सुनावणीत मिळते. मंजुरीनंतर मोर्चा काढणे म्हणजे पेरणी संपल्यावर बियाणे निवडण्यासारखे आहे.

हरकत कशी लिहावी, ह्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण इथेच आपण कमी पडतो. छापील नमुन्यावर नाव लिहून सही करणे सोपे असते आणि अशा हजार अर्जांनी संख्या दिसते. परंतु समितीपुढे ते हजार अर्ज एकच मुद्दा म्हणून हाताळले जातात. त्यांच्याबरोबर दहा-वीस तरी अर्ज असे हवेत की ज्यांत सर्व्हे नंबर व हिस्सा नंबर आहे, प्रारूपात दाखविलेला वापर आणि प्रत्यक्ष जमिनीवरील स्थिती ह्यांतील फरक सांगितला आहे, आणि नेमका कोणता बदल हवा ते एका वाक्यात मागितले आहे. ‘आमच्या गावावर अन्याय झाला आहे’ हे वाक्य कितीही खरे असले तरी अधिकाऱ्याला त्यावर काही लिहिता येत नाही. ‘अमुक सर्व्हे नंबरमध्ये बारमाही पाण्याचे बावखल असून प्रारूपात तिथे रहिवासी पट्टा दाखविला आहे, तो रद्द करून जलाशय म्हणून नोंद घ्यावी’, ह्यावर त्याला लिहावेच लागते. सोबत तारखेसह छायाचित्र जोडावे. विहिरीची मे महिन्यातील पाण्याची पातळी दोन-तीन वर्षे वहीत टिपलेली असेल तर ती जोडावी. अर्जाची पोच घ्यावी, सुनावणी मागावी आणि सुनावणीला स्वतः जावे.

आपल्या जमिनीचा पट्टा कोणता, हे कळण्यासाठी नगररचना विभागाकडे अर्ज करून सर्व्हे नंबरचा झोन दाखला व भाग नकाशा मिळवता येतो. माहिती मिळत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहेच.

आणखी एक बाब. मोठा आराखडा वीस वर्षांनी एकदा येतो, पण मधल्या काळात तो तुकड्या-तुकड्याने बदलता येतो. त्याच अधिनियमाच्या कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल म्हणून प्रस्ताव येतात. त्यांचीही सूचना राजपत्रात व वृत्तपत्रात द्यावी लागते आणि एक महिन्यात हरकत घेता येते. ह्या सूचना वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत असतात. प्रत्येक धर्मग्रामात एखाद्या निवृत्त शिक्षकाने किंवा कारकुनाने त्या नियमितपणे वाचण्याचे काम अंगावर घेतले, तर ते मोर्च्यापेक्षा कमी मोलाचे ठरणार नाही.

ह्या बाबतीत आपल्या गोव्याच्या बांधवांचा अनुभव बोलका आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तेथे ‘प्रादेशिक आराखडा २०११’ अधिसूचित झाला आणि त्याविरुद्ध ‘गोवा बचाव अभियान’ उभे राहिले. चर्च, ग्रामसभा, लेखक, वास्तुशिल्पी अशा सर्वांच्या रेट्यामुळे २००७ च्या आरंभीच शासनाला तो मागे घ्यावा लागला. त्याच वर्षाच्या अखेरीस विशेष आर्थिक क्षेत्रेही रद्द करण्याची घोषणा झाली. एवढा मोठा विजय दुर्मीळच. पण २०२३ साली तेथील नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) आले आणि आराखड्यातील ‘चुका दुरुस्त करणे’ ह्या नावाखाली एकेका भूखंडाचा वापर बदलू लागला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासंबंधीचे नियम रद्द ठरविले. संपूर्ण आराखड्याविरुद्ध एक लाख माणसे उभी राहतात, एका भूखंडाविरुद्ध शेजारची चार घरेही उभी राहत नाहीत. हे जमीन घेणाऱ्यांना आपल्या आधी कळले आहे.

ग्रामसभा आणि महापालिका

आपल्याकडे महापालिकेचा वाद एवढा का पेटला, हे बाहेरच्यांना कळत नसे. ‘महापालिका आली तर सोयी येतील, मग विरोध कशाला?’ असे विचारले जाई. ग्रामपंचायतीत वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि तिथे कोणीही उठून प्रश्न विचारू शकतो. महापालिकेत तो प्रश्न विचारण्यासाठी नगरसेवक गाठावा लागतो, आणि गावातून निवडून आलेला नगरसेवक शहराच्या प्रभागांपुढे अल्पमतात असतो. गावे वगळण्याच्या मागणीसाठी मोठे आंदोलन झाले. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत विवेक पंडित ह्याच मुद्द्यावर अपक्ष निवडून आले. २०११ साली शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला, तो उच्च न्यायालयात अडकून पडला, आणि २०२४ साली शासनाने गावे महापालिकेतच ठेवण्याच्या दिशेने पाऊल टाकले. तेरा वर्षे त्या गावांचा नेमका धनी कोण, हेच संदिग्ध राहिले. अनधिकृत बांधकामाला अशी संदिग्धता फार मानवते.

मात्र ग्रामपंचायत म्हणजे सर्व काही सुरक्षित, असे मानण्याचेही कारण नाही. गावठाणाबाहेर बांधकामाला परवानगी देण्याचा अधिकार सामान्यतः ग्रामपंचायतीला नसतो. तरीही घरपट्टीची पावती दाखवून ‘हे अधिकृत आहे’ असे सांगत चाळी विकल्या गेल्या. घरपट्टी म्हणजे परवानगी नव्हे, हे वाक्य प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावे असे आम्हांला वाटते.

समुद्र व खाडीकाठच्या गावांना आणखी दोन आधार आहेत. सागरी किनारा नियमनाची अधिसूचना प्रथम १९९१ साली आली आणि २०१९ पासून तिचे नवे रूप अमलात आले. नव्या रूपात दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीची पट्टी भरतीरेषेपासून अवघी पन्नास मीटर उरली आहे; विरळ वस्तीच्या ठिकाणी ती दोनशे मीटर आहे. हा आधार पूर्वीपेक्षा दुबळा झाला, असेच म्हणावे लागेल. दुसरा आधार भक्कम आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील तिवरांच्या तोडीवर बंदी घातली आणि त्यांच्याभोवती पन्नास मीटरचे संरक्षण दिले. तिवरांवर भराव पडताना दिसला तर छायाचित्र, तारीख व जागा ह्यांसह तहसीलदार आणि वनविभागाचा कांदळवन कक्ष ह्यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जावयाचे असेल तर मुदत साधारण सहा महिन्यांची असते. ‘बघू, पावसाळा जाऊ दे’ म्हणण्यात ती संपते.

सही आपलीच असते

इथवर जे लिहिले ते शासन, महापालिका, बांधकाम व्यावसायिक ह्यांच्याविषयी होते. पण प्रत्येक खरेदीखताच्या शेवटी विकणाऱ्याची सही असते, आणि ती बहुतेक वेळा आपल्यापैकीच कुणाची तरी असते. आराखडा हरित राहिला तरी सही थांबत नाही. हे बोलणे अवघड आहे, म्हणून आपल्या सभांत ते टाळले जाते.

विकणाऱ्याला दोष देऊन मोकळे होणे आम्हांला योग्य वाटत नाही. वडिलांच्या पश्चात दोन एकर वाडी सहा भावंडांत जाते. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसल्यास विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्यात मुलगा व मुलगी ह्यांना समान वाटा मिळतो, आणि ते न्याय्यच आहे. पण वाडी करणारा बहुधा एकच असतो. बाकीचे नोकरीला मुंबईत, कुणी आखातात, कुणी कॅनडात. वाडीच्या उत्पन्नातून सहा वाटे निघत नाहीत. त्यातच रुग्णालयाचे बिल येते, मुलाच्या परदेशी शिक्षणाची फी येते. मजूर मिळत नाही, विहीर मचूळ झालेली असते, आणि नेमका तेव्हाच दारात दलाल उभा राहतो. तो एका भावाकडून कुलमुखत्यारपत्र घेतो किंवा अविभक्त हिश्श्याचा विकसन करार करतो. मग उरलेल्या भावंडांपुढे न्यायालय किंवा विक्री, एवढेच उरते.

अशा वेळी उपयोगी पडतील अशा काही गोष्टी आहेत. वडील हयात असताना हिश्श्यांची मोजणी करून घ्यावी व फेरफार नोंदवून घ्यावा. कुलमुखत्यारपत्र कुणालाही सर्वाधिकाराने देऊ नये; द्यायचेच झाल्यास ‘विक्री वगळून’ असे स्पष्ट लिहावे. भावंडांपैकी एकाला विकणे भाग पडले तर पहिला हक्क भावंडांचा, असा लेखी करार घरात असावा. अडचण येते ती पैशाची, कारण वाडी करणाऱ्या भावाकडे इतरांचे वाटे घेण्याइतकी रक्कम नसते. आपल्या आजोबा-पणजोबांपुढेही हीच अडचण होती, फक्त तेव्हा दारात सावकार होता. १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्यांनी बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँकेचे रोप लावले ते त्या काळात. घरातल्या घरात जमीन राखण्यासाठी, भावाने बहिणीचा वाटा रीतसर विकत घ्यावा ह्यासाठी, सुलभ दराच्या कर्जाची एखादी योजना आपल्या सहकारी संस्थांना आखता येईल काय, हा प्रश्न त्यांच्या वार्षिक सभांत विचारला जावा.

आपल्या घराची गरजही नाकारता येत नाही. कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द मात्र जुनीच राहिली. हरित पट्ट्यात स्वतःच्या वाडीत मुलासाठी खोली बांधणारा ग्रामस्थ आणि तिथे चार मजले चढवणारा व्यावसायिक ह्यांना एकाच नियमात तोलले, तर ग्रामस्थालाच तो नियम जाचक वाटू लागतो आणि त्याचे हरित पट्ट्यावरील प्रेम आटते. गावठाण विस्ताराची मागणी म्हणूनच हरित पट्ट्याच्या मागणीबरोबर जोडली गेली पाहिजे.

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. शुद्ध पाणी मिळणे हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्यावर आपल्याकडे प्रवचने झाली, शिबिरे झाली, रोपे वाटली गेली. पण त्याच वर्षांत कित्येक ठिकाणी चर्चच्या आवारात मातीवर पेव्हर ब्लॉक बसले, सभागृहापुढचे अंगण काँक्रीटचे झाले, आणि आवारातील विहिरीवर लोखंडी झाकण आले. चिखल नको, लग्नाच्या मंडपाला सपाट जागा हवी, ही कारणे समजण्यासारखी आहेत. तथापि वीस गुंठ्यांच्या आवारावर वर्षाला चाळीस लाख लिटर पाऊस पडतो, हा वरचाच हिशेब आहे. छपराचे पाणी नळीने विहिरीत सोडणे आणि निम्मे आवार मातीचे राखणे ह्याला कोणत्याही आराखड्याची वा परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

शेवटी एक तातडीचे काम. नवा आराखडा करताना नियोजनकार प्रथम विद्यमान जमीन वापराचा नकाशा करतो. तो उपग्रहाची छायाचित्रे पाहतो आणि सातबारा पाहतो. बावखल मे महिन्याच्या छायाचित्रात झाडीखाली झाकलेले असते, आणि सातबारावर त्याची नोंद अनेकदा ‘पोटखराबा’ एवढीच असते, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. नकाशा करणाऱ्याला ती रिकामी जागा दिसते. म्हणून प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतील बावखले, विहिरी, ओढे आणि भरतीचे पाणी आत-बाहेर जाण्याच्या वाटा ह्यांची यादी आताच करावी : सर्व्हे नंबर, अंदाजे क्षेत्र, खोली, पाणी किती महिने टिकते, मालक कोण. पावसाळा संपताच, सप्टेंबर-ऑक्टोबरात, छायाचित्रे घ्यावीत. शाळेतील दहा मुले आणि गावातील दोन जाणती माणसे मिळून हे काम चार रविवारांत होते. यादीची एक प्रत तलाठी कार्यालयात, एक नगररचना विभागात पोच घेऊन द्यावी, आणि एक धर्मग्रामाच्या दप्तरात ठेवावी.